बिरादार गुरुजींचा वर्ग झाला

अंकुशराव बिरादार गुरुजींना आयुष्यात एकदाही "मला हे येत नाही" असं म्हणता आलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातनंच झालं. मुख्याध्यापिका श्रीदेवी मॅडमनी शाळा उघडल्या उघडल्या त्यांना साधं विचारलं होतं, "सर, तुमच्या वर्गाचं एक वेबपेज करता येईल का?" यावर शहाण्या माणसानं डोकं खाजवलं असतं, चार दिवस मागितले असते. गुरुजी म्हणाले, "त्यात काय मोठं? करून टाकू की."

वेबपेज म्हणजे नेमकं काय असतं, हे त्यांनी घरी आल्यावर बायकोला विचारलं.

मॅडमचंही चुकलं होतं असं नाही. कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, कोहिनूर गावाच्या अलीकडं कवठेवाडी आहे. तिथं एकाच आवारात दोन शाळा भरतात, डाव्या हाताला कानडी आणि उजव्या हाताला मराठी. मराठीकडच्या पहिली ते तिसरीच्या पोरांना एकाच खोलीत गुरुजी शिकवतात. खोली मोठी आहे, पोरं मात्र थोडी. कारण रोज सकाळी गावात एक पिवळी व्हॅन येते, हॉर्न वाजवते आणि टाय लावलेली लेकरं भरून इंग्रजी शाळेला घेऊन जाते. तालुक्याच्या ऑफिसातून तोंडी निरोप आला होता, की जून संपेपर्यंत पहिलीत नवी नावं पडली नाहीत, तर कवठेवाडीतला मराठीचा मास्तर जादा ठरेल. जादा ठरलेल्याची रवानगी औरादच्या पार पलीकडं होणार होती, तेलंगणाच्या हद्दीवर, जिथली लेकरं रडतातसुद्धा तेलुगूत.

गुरुजींचं घर शाळेच्या भिंतीला लागून होतं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यानं त्यांच्या हातचा मार खाल्लेला होता. हे सगळं सोडून त्यांना कुठंही जायचं नव्हतं. कुणाला ते बोलून दाखवत नसत एवढंच. आपला वर्ग जगाला दाखवायचा, आईबापांनी तो मोबाईलवर बघायचा आणि पोरं व्हॅनमधनं उतरवून इकडं आणायची, असा एकूण बेत होता.

मोबाईलवर एक बाई शिकवत होत्या. "कोडिंगची गरज नाही, फक्त ओढा आणि सोडा!" असं त्या इतक्या गोड सांगत होत्या, की गुरुजींनी तो व्हिडिओ जेवताना एकदा आणि जेवण झाल्यावर एकदा बघितला. नंतर लॅपटॉप उघडला. तयार नमुने पुष्कळ होते. शाळेचेही होते, पण त्यातली सगळी पोरं गोरीगोमटी आणि बाजूला कुत्रं. ते कवठेवाडीला शोभलं नसतं. शेवटी त्यांनी एका बेकरीचा नमुना पसंत केला, कारण त्याचा रंग शाळेच्या भिंतीशी जुळत होता.

"अवो, पन ही केकची दुकान हाय की," मंजुश्रीबाई मागून म्हणाल्या.

"केक काढायचे आन् पोरं बसवायची. तुला काय कळतंय त्यातलं?"

केक काढले, पोरं बसली. पण प्रत्येक केकच्या खाली एक लाल बटण होतं, 'आजच मागवा' म्हणून, ते काही केल्या निघेना. गुरुजींनी ते ओढलं, ते दुसरीकडं जाऊन बसलं. सोडलं, तर आणखी एक उगवलं. उद्या बघू म्हणून पान तसंच गावच्या ग्रुपवर टाकून ते झोपले, आणि सकाळी दारात लिंगम्मा आजी पदर खोचून उभी.

"गुर्जी! माझी रेणुका इकायला काढलाव व्हय ओ?"

झालं होतं असं, की आजीच्या पोरानं हैदराबादहून ते पान बघितलं होतं. पोरीचा फोटो, पोरीचं नाव, आणि खाली 'आजच मागवा'. त्यानं हौसेनं बटण दाबलं, तर 'लवकरच घरपोच पाठवू' असा निरोप आला. बापच तो, घाबरला आणि त्यानं आईला फोन केला.

"आजी, ते बटन हाय. कुनी नेत न्हाई तिला."

"मग घरपोच म्हून कामून म्हनायलंय? बोला की!"

गुरुजींनी आजीला चहा पाजला, आणि संध्याकाळपर्यंत खपून सगळ्या बटणांवरची अक्षरं तेवढी बदलली. 'आजच मागवा'च्या जागी 'शाबास' केलं. बटण निघत नाही, पण अक्षरं बदलता येतात, हा शोध त्यांना स्वतःला लागला होता, आणि त्याचा त्यांना वाजवीपेक्षा जास्त अभिमान वाटला.

मग सल्ले सुरू झाले. किराणा दुकानवाला निंगप्पा हा गुरुजींचा शेजारी आणि गावातला सगळ्यात मोठा सल्लागार. त्याला कॉम्प्युटरातलं काहीच कळत नव्हतं, आणि सल्ल्याच्या आड ते कधी येतही नव्हतं. तो म्हणाला, "सगळ्यात वर बसवण्णांचा फोटो पायजे." संध्याकाळी पारावर ठरलं, की सगळ्यात वर शिवाजी महाराज पाहिजेत. गुरुजींनी दोघांना मान देऊन एका ओळीत शेजारी शेजारी बसवलं. लॅपटॉपवर सुरेख दिसलं. पण गाव बघतं मोबाईलवर, आणि मोबाईलवर जागा अपुरी म्हणून पान आपोआप एक फोटो वर आणि एक खाली करत होतं. कुणाच्या मोबाईलवर कोण वर आहे, यावरून पारावर आवाज चढायला लागले. शेवटी मोबाईल आडवा धरला की दोघं शेजारी येतात, असं मंजुश्रीबाईंनीच शोधून काढलं. तेव्हापासून सगळी कवठेवाडी ते पान मान वाकडी करून, मोबाईल आडवा धरूनच बघायला लागली.

इथवर जे झालं ते किरकोळ होतं. खरी गंमत पुढं आहे.

तालुक्याच्या ऑफिसातले साहेब कानडी, मॅडम कानडी, अर्धं गाव कानडी. तेव्हा पान कानडीतही पाहिजे, असं गुरुजींनी ठरवलं. मॅडम तेव्हा बीदरला ट्रेनिंगला गेल्या होत्या. त्यांना विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करायचं, म्हणून तो विचारच बाद झाला. गुरुजींना कानडी येत होतं. बाजारापुरतं छान येत होतं आणि भांडणापुरतं त्याहून छान. मराठीत त्यांनी मथळा दिला होता, 'माझा वर्ग, माझं स्वप्न'. तोच त्यांनी कानडी अक्षरांत केला, 'नन्न वर्ग, नन्न कनसु'. खाली कानडीतच ओळ टाकली, 'गावकऱ्यांचं सहकार्य आणि साहेबांचे आशीर्वाद यामुळेच हे शक्य झालं.' त्याखाली स्वतःचा हात जोडलेला फोटो.

आता वाचणाऱ्यानं इथं जरा दम धरावा. मराठीत वर्ग म्हणजे पोरांचा वर्ग. कानडीत तोच शब्द नोकरदार माणसाच्या तोंडी आला, आणि त्यात बदल्यांचे दिवस असले, की त्याचा सरळ अर्थ बदली. 'वर्ग आतु' म्हणजे बदली झाली. हे काय गुरुजींना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ 'माझा वर्ग, माझा वर्ग' करणाऱ्या माणसाला तो शब्द लिहिताना दुसरं काही सुचतच नाही. तर अशा रीतीनं गुरुजींनी, 'माझी बदली, माझं स्वप्न, साहेबांच्या आशीर्वादानं शक्य झाली', असं जगजाहीर करून टाकलं, आणि गावच्या ग्रुपवर पाठवून समाधानानं पान खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दूधवाला संगमेश्वर भेटला. त्यानं पहिल्यांदाच गाडी थांबवून हात मिळवला.

"गुर्जी, बघितलो बगा. स्वप्न पुरं झालं म्हना की!"

"झालं बाबा. लई मेहनत हाय त्यात."

"असतीय की. वरपर्यंत ओळख लागतीय. मग कवापासून?"

"कालपासनंच चालू झालं."

"कालपासनं? आन् वैनींना कवा नेनार?"

"तिला कामून नेऊ? ती घरी बसूनच बघतीय."

संगमेश्वरनं गुरुजींकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं, आणि त्या दिवसापासून मंजुश्रीबाईंना माप वाढवून दूध द्यायला लागला.

निंगप्पा तर दुकानातून उठून आला. "गुर्जी, घर बंदच ठेवनार का कुनाला द्यायलाव? न्हाई, आमच्या पावण्याला पायजे होतं." घराचा वेबपेजशी काय संबंध, हे गुरुजींना कळेना, पण मोठ्या कामानंतर माणसं काहीबाही बोलतात असं त्यांनी धरलं. बीदरहून परत आलेल्या मॅडम मात्र त्यांच्याकडं न बघताच ऑफिसात गेल्या. "मला एका शब्दानं बोलला नाहीत सर," एवढंच म्हणाल्या. गुरुजींना वाटलं, कानडीत एखादी वेलांटी चुकली असणार.

आणि मग तालुक्याहून फोन आला, की साहेबांनी बोलावलंय.

गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला. साहेब म्हैसूरकडचे, नवीनच आलेले, मराठीचा त्यांना गंध नव्हता. गुरुजी उभ्या उभ्या कानडीत सुरू झाले, आणि घाबरल्यावर त्यांचं कानडी बाजारातलंही उरत नाही.

"साहेब, माझ्या वर्गाचं बोलायचं होतं."

"पान बघितलं तुमचं," साहेब म्हणाले. "स्वप्न होतं म्हणे. पण मी आशीर्वाद कधी दिला हो? मला सगळा तालुका विचारतोय."

"ती लिहायची पद्धत आहे साहेब. पण माझा वर्ग तेवढा राहू द्या."

"राहिलाय की. मी स्वतः सही करणार आहे."

"असं कानावर आलं, की पोरं कमी म्हणून काढून घेणार. साहेब, हात जोडतो, माझा वर्ग काढून घेऊ नका!"

"अहो, काढून कशाला घेईन?" साहेबांना माणसाच्या तळमळीचं नवल वाटलं. "बाकीचे मास्तर वर्ग नको म्हणून रडत येतात. तुम्ही पहिले भेटलात, जे मागून घेताय."

"नन्न वर्ग नन्गे बेकु, सर! माझा वर्ग मलाच पाहिजे. दुसऱ्या कुणाला देऊ नका!"

"नाही देत. तुमचाच. सोमवारी कागद वर पाठवतो. झालं?"

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी साहेबांना वाकून नमस्कार केला. बाहेर आले तर शिपाई गुरुपादय्या, भालकीकडचा, मराठी चांगलं बोलणारा, दारातच अडवून म्हणाला, "गुर्जी, पेढे कुटं हायत? लोक बदली रद्द करायला येतेत, तुमी तर रडून रडून घेतलाव की ओ!"

"बदली? कुनाची बदली?"

"तुमची. औरादच्या पलीकडं. आत्ता वर्ग पायजे, वर्ग पायजे म्हून कोन वरडत हुतं?"

 सगळा मथळा, सगळी ओळ, दूधवाला, निंगप्पा, मॅडम, एकेक गुरुजींच्या डोक्यात उलगडत गेलं. परत आत धावले, तर साहेब मागच्या दारानं मीटिंगला गेलेले. फोन लावला, तो उचलला नाही. चूक शोधायला अक्कल लागली नव्हती, पण ती कुणाला सांगायची म्हणजे 'मला कानडी येत नाही' असं म्हणणं आलं, आणि आपण वर सांगितलंच आहे, की ते वाक्य त्यांच्या तोंडून निघत नसे.

घरी येऊन त्यांनी मंजुश्रीबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग पदराला डोळे पुसत बसल्या. "मला न्हाई जायचं हितनं," त्या म्हणाल्या.

"मला तरी कुटं जायचंय?" गुरुजी म्हणाले. हे ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "पन गावातल्या एकानं तरी म्हनलं का, गुर्जी जाऊ नका म्हून? निंगप्पानं घर मागितलं, घर! इतकी वर्षं ह्यांची पोरं शिकवलो मी."

गावानं तोवर निरोप समारंभ ठरवून टाकला होता. शनिवारी शाळेच्या पटांगणात मांडव, जेवण आणि प्रमुख पाहुणे म्हणून स्वतः साहेब. ते ऐकून गुरुजींनी मनाशी ठरवलं, की साहेब मंचावर सापडतील, तिथंच त्यांना गाठायचं. समारंभ रद्द करण्यात अर्थ नव्हता. आचाऱ्याला आगाऊ पैसे गेलेले होते.

शनिवारी गुरुजी हार घालून खुर्चीत बसले. साहेब उशिरा आले आणि लांबच्या खुर्चीत बसवले गेले, मध्ये पाच माणसं. पहिल्या रांगेत गुरुजींचा वर्ग, सगळ्यांची तोंडं उतरलेली. रेणुका तर आल्यापासून नाक ओढत होती. भाषणं सुरू झाली, आणि गुरुजी ऐकतच राहिले. जाणाऱ्या माणसाचं कौतुक करताना हात आखडता घ्यायचा नसतो, ही आपल्याकडची रीत. तो काय परत तपासायला येणार असतो?

संगमेश्वर म्हणाला, "गुर्जी हायत म्हून मला हिशोब येतोय. ते ऱ्हायले असते तर माझी दोनी पोरं त्यांच्याच हाताखाली घातलो असतो." टाळ्या पडल्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पुतण्याला आणला असता. मग निंगप्पा उठला. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला, आणि त्याचा आवाज खरोखर जड झाला.

"गावाचं नशीब फुटलं म्हून गुर्जी चाललेत. आमची स्नेहा व्हॅननं जातीय, खरं हाय. आमी चुकलाव. पन ह्या बसवण्णांच्या साक्षीनं सांगतो, गुर्जी जायलेत म्हून इलाज न्हाई. ते ऱ्हायले असते, तर उद्याच्या उद्या तिला व्हॅनमधनं उतरवून हितं आणून बशिवलो असतो!"

टाळ्या थांबेनात.  गुरुजींचा रुसवा, अपमान सगळं वाहून गेलं, आणि सत्काराला उत्तर द्यायला ते माईकपाशी आले तेव्हा त्यांना साहेबांखेरीज काही दिसत नव्हतं. ते सरळ त्यांच्याकडं वळले आणि शुद्ध, मोठ्या, खणखणीत कानडीत म्हणाले, "सर, नन्गे वर्ग बेडा! मला वर्ग नको!"

कानडी बाजूची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मराठी बाजूला, म्हणजे पहिल्या रांगेत, हाहाकार उडाला. पोरांना त्यातलं कानडी 'बेडा' चांगलं कळत होतं आणि 'वर्ग' म्हणजे आपण, हेही कळत होतं.

"गुर्जीला आपुन नको!" रेणुकानं भोकाड पसरलं, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी.

"आरं, तुमी न्हाई रे! तुमी पायजेत!" गुरुजी मंचावरून खाली उडी मारायच्या बेतात आले. "नन्न वर्ग बेकु!"

"बेकु की बेडा?" साहेब उठून उभे राहिले. "एकदा नीट सांगा हो!"

"हा वर्ग पाहिजे, तो वर्ग नको!" गुरुजींनी एक हात पोरांकडं केला आणि एक औरादच्या दिशेला. मग थांबले. घाम पुसला. सगळं गाव बघत होतं. "साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "मला कानडी लिहायला नीट येत नाही. मी चुकलो."

मंजुश्रीबाई बायकांच्या गर्दीत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी हे वाक्य ऐकलं आणि शेजारणीचा हात घट्ट धरला.

श्रीदेवी मॅडम पुढं झाल्या. साहेबांशी कानडीत बोलल्या, मोबाईल आडवा धरून ते पान दाखवलं, पोरांचे फोटो दाखवले, 'शाबास'ची बटणं दाखवली. साहेबांच्या खांद्यांना आधी बारीक हिसके बसले, मग ते खो खो हसायला लागले, इतके की त्यांना पाणी द्यावं लागलं. "कागद अजून माझ्याच टेबलावर आहे," ते म्हणाले. "फाडतो. पण गुरुजी, पोरं नसतील तर मलाही काही करता येणार नाही. जून संपत आला."

 मग साहेबांनीच माईक हातात घेतला. त्यांना मराठी येत नसलं तरी भाषणं कानडीत झाली होती तेवढी त्यांनी नीट ऐकली होती, आणि उरलेली मॅडमनी कानात सांगितली होती.

"आनंदाची गोष्ट आहे," ते म्हणाले, "की गुरुजी राहिले तर आपली मुलं इथं घालू असं मघाशी इतक्या जणांनी सांगितलं. गुरुजी राहतायत. मुख्याध्यापिका इथंच आहेत. नावं आत्ताच घालून घेऊ."

टाळी फक्त लिंगम्मा आजीनं वाजवली. संगमेश्वरला दुधाची आठवण झाली, पण गाडीसमोर बायका पंगतीला बसलेल्या होत्या. सेक्रेटरी आकाशाकडं बघायला लागले. "बोललाव न्हवं माईकात?" आजी खालून ओरडली. "बसवण्णांची साक्ष काडलाव न्हवं? चला, नावं सांगा!"

आणि एकेक करून नावं पडायला लागली. मॅडम टेबल मांडून बसल्या. गुरुजी शेजारी उभे होते, गळ्यात निरोपाचा हार, डोळ्यांत पाणी, आणि प्रत्येक नावाबरोबर ते "शाबास" म्हणत होते. स्नेहाचं नाव शेवटी पडलं. निंगप्पानं सही केली, पेन टेबलावर ठेवला, गुरुजींचा दंड धरून त्यांना मांडवाच्या कडेला नेलं आणि इकडं तिकडं बघून कानाशी लागला.

"गुर्जी, राग येऊ देऊ नका. पन एकदा जाऊन तर बगा की. औरादकडं हवा लई चांगली हाय म्हन्तेत."